इंदिरानगरातला नवा पिझ्झा: थंडीपासून पावसाळ्यापर्यंत

आमच्याकडे नाशिकच्या इंदिरानगरात, जॉगिंग ट्रॅकच्या मागच्या अंगाला, दिवाळी झाल्या झाल्या पिझ्झाचं एक छोटं दुकान उघडलं. सहा टेबलं, समोर दुचाकींपुरती जागा, आणि आत काचेपलीकडे दिसणारा दगडी तळाचा इलेक्ट्रिक ओव्हन. उद्घाटनाच्या आठवड्यात एकावर एक फ्री असल्यामुळे अख्खी कॉलनी तिथे होती आणि त्याच रात्री सगळ्यांनी आपापली मतंही देऊन टाकली. मी तेव्हा काही लिहिलं नाही. आता थंडी गेली, उन्हाळा गेला, पाऊस सुरू झालाय. आमच्या घरून या सगळ्या काळात तिथे नियमित जाणं झालंय, त्यामुळे आता लिहिते. दुकानाचं नाव घालत नाही, कारण तक्रारीही करायच्या आहेत. त्या बाजूला दगडी ओव्हनवालं दुसरं कोणी नाही, शोधायला अडचण येणार नाही.

आधी बेसबद्दल, कारण पिझ्झा म्हणजे माझ्या मते बेसच. वरचं सगळं कुठेही मिळतं.

डिसेंबरात इथला बेस वाईट होता. चव ठीक, पण जड. कडेचा भाग चावून चावून जबडा दुखायचा. माझ्या सासूबाईंनी कडा काढून ताटात रचून ठेवल्या आणि म्हणाल्या, "हे कुत्र्याला घाला." कड तोडून पाहिली तर आत जाळीच नव्हती, गच्च पांढरा मैदा. उद्घाटनाच्या वेळी याच दुकानाचा बेस हलका होता, त्यामुळे मालकाने साहित्यात काटछाट केली असं आमच्या सोसायटीत सगळ्यांचं ठरलं. मला ते पटलं नाही. निफाडचा पारा पाच-सहावर आल्याच्या बातम्या सुरू होत्या, नाशकातही पहाटे दात वाजत होते, आणि माझ्या घरातलं इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही जिथल्या तिथे होतं. इथल्या मैद्याचंही तेच झालं होतं. यीस्टला ऊब लागते. थंडीत ती संथ चालते आणि नेहमीच्या वेळेला गोळा लाटायला घेतला तर तो अर्धवटच फुगलेला असतो.

मालक तिशीतला मुलगा आहे, बहुतेक वेळा स्वतःच ओव्हनपाशी असतो. त्याला म्हटलं, "अरे, पीठ नीट फुगत नाहीये तुझं." तर तो वैतागून म्हणाला, "काकू, रेसिपी तीच आहे हो, वजन करून घेतो सगळं." वजन तो खरंच करतो, समोर काटा आहे. पण रेसिपीत तास लिहिलेले असतात आणि ते तास कुठल्या हवेतले हे लिहिलेलं नसतं. नाशिकसारख्या गावात, जिथे जानेवारीत पहाटे आठ-दहा अंश आणि एप्रिलमध्ये दुपारी चाळीस असतं, तिथे घड्याळावर पीठ फुगवणं चालत नाही.

एप्रिलमध्ये मग उलटं झालं. बेस पसरट, फिकट, थोडा आंबूस, आणि मधोमध इतका पातळ की तुकडा उचलला की सॉससकट खाली वाकायचा. पीठ जास्त आंबलं की यीस्ट त्यातली साखर संपवून टाकते. साखर नाही म्हणजे ओव्हनमध्ये तांबूस रंग येत नाही. शिवाय मैद्याचा चिवटपणा ढिला पडतो आणि आतली हवा धरून ठेवायला काही उरत नाही. या काळात आम्ही जाणं कमी केलं. कॉलेज रोडला किंवा गंगापूर धरणाकडच्या वायनरीत जाऊन जास्त पैसे देऊन खाल्लेला पिझ्झा बरा वाटला, हे इथे नमूद करायलाच हवं.

मे महिन्याच्या मध्यावर फरक दिसला. आत एक उभा मोठा फ्रिज आला होता आणि काचेतून झाकणबंद ट्रे दिसत होते. विचारल्यावर त्याने सांगितलं की आता पीठ आदल्या दिवशी मळून चार-पाच अंशांत ठेवतो आणि लागेल तसे गोळे बाहेर काढतो. बाहेर चाळीस असो की दहा, फ्रिजमध्ये हवामान एकच. थंडीत यीस्ट सावकाश काम करते, तोवर पिठातल्या स्टार्चची हळूहळू साखर होत राहते, म्हणून चव खोल होते आणि कडेवर ते भाजलेले काळे-तपकिरी फोड येतात. जूनपासून इथे जो बेस मिळतोय तो मला आवडतो. कड तोडली की आत मोठी-लहान जाळी, बाहेरून कुरकुरीत, आणि सासूबाई कडा खातात. आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

तरी याला इटलीतला पिझ्झा समजून जाऊ नका. नेपल्सच्या पद्धतीत लाकडाची भट्टी सव्वाचारशे अंशांच्या वर तापलेली असते आणि पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो. इथला ओव्हन तीनशेच्या थोडा पुढे जातो आणि चार-पाच मिनिटं घेतो, म्हणून बेस कुरकुरीत होतो, तसा मऊ-लवचिक होत नाही. मैदाही आपला इथलाच. त्यात प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, आणि पिझ्झासाठी खास पीठ असतं ते बाराच्या पुढचं. मला स्वतःला कुरकुरीतच आवडतो, त्यामुळे तक्रार नाही. भिंतीवर मात्र नेपल्सचं मोठं चित्र आणि १८८९ साली राणी मार्गेरितासाठी पहिला मार्गेरिता कसा बनवला ती गोष्ट रंगवली आहे. त्या गोष्टीवर इतिहासकारच शंका घेतात. असो, भिंत छान दिसते.

सॉस. सुरुवातीला तो गोडसर, केचपच्या वळणाचा होता, डब्यातला असावा. जानेवारीत त्याने स्वतः बनवायला घेतला. टोमॅटोच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला कुणाकडे बघायची गरज नाही, पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून देशभर माल जातो. पण तो माल ट्रकने लांब जाईल, टिकेल अशा जातीचा असतो: साल जाड, आत पाणी भरपूर. पिझ्झाच्या सॉसला गर जास्त आणि पाणी कमी लागतं. त्यामुळे इथला टोमॅटो बराच वेळ आटवावा लागतो, आणि घाई झाली की सॉस पाणचट होऊन बेसचं मधलं बूड ओलं राहतं. रविवारी रात्री गर्दीत असं हमखास होतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर याच दुकानाचा सॉस आंबट-गोड, लसणाचा वास असलेला, अगदी नीट असतो. चव टोमॅटोच्या भावाबरोबरही हलते असा मला संशय आहे. पावसाळ्याच्या तोंडावर भाव चढले (२०२३ च्या जुलैत किलोला शंभरी पार गेलेली आठवत असेल) की हात आखडतो. सध्या सॉस थोडा पातळ थरात लागतोय. विचारल्यावर मालक फक्त हसला.

चीजबद्दल पहिल्याच दिवसापासून तक्रार नाही. बऱ्याच छोट्या ठिकाणी वनस्पती तेलापासून केलेलं चीजसारखं काहीतरी वापरतात. ते वितळतं, पण गार झालं की मेणासारखं बसतं आणि तोंडात टाळूला चिकटतं. इथे आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सरळ पाकीट मागितलं. त्यांना रेनेटची, म्हणजे चीज करताना दूध फाडायला वापरतात त्या, कधीकधी वासराच्या पोटातून काढलेल्या एन्झाइमची शंका होती. त्याने कुरकुर न करता फ्रिजमधून काढून दाखवलं: मोझरेला, घटकांत दूध, मीठ, विरजण आणि एन्झाइम, वर हिरवा ठिपका. हिरवा ठिपका म्हणजे रेनेट प्राण्याचं नाही. वहिनींचं समाधान झालं. दुकान पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे आमच्या अकरावीतल्या चिरंजीवांचं मात्र नाही झालं.

काय मागवावं? मार्गेरिता. ज्या जागेचा बेस चांगला आहे तिथे त्यावर ढीग रचायचा कशाला? कांदा, ढोबळी, मका, मशरूम, पनीर असं सगळं असलेला पिझ्झा इथे सर्वांत जास्त खपतो आणि तोच सर्वांत कमी जमतो, कारण भाज्या कच्च्याच पडतात आणि ओव्हनमध्ये पाणी सोडतात. दुसरा मागवावा तो ठेच्याचा. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाण्याचं भरड कूट, वर चीज, सॉस नाहीच. झणझणीत आहे, पण नुसता तिखट नाही, मिरची आधी तव्यावर भाजलेली कळते. हे लिहितानाही तोंडाला पाणी सुटतंय. फेब्रुवारी-मार्चमध्ये, द्राक्षं निघाल्यावर, त्याने द्राक्षाचा पिझ्झा केला होता: काळी द्राक्षं अर्धी चिरून, चीज, मिरपूड. ऐकायला अचाट, खायला चांगला, पण एकाने एक तुकडा खावा इतपतच. सगळा संपवता येत नाही. पुढच्या मोसमात तो छोट्या आकारात ठेवावा असं मी सुचवलंय. चीज बर्स्ट घेऊ नका, त्यात बेसची चव मारली जाते. पास्ता तर मुळीच नको, गिचका असतो. गार्लिक ब्रेड ठीक.

आकाराचा एक हिशेब मात्र करून जा. मार्गेरिता सात इंची १९० रुपयांना आणि दहा इंची ३२० ला आहे. दोघी-तिघी गेल्या की दोन छोटे मागवतात. दोन सात इंचींचं क्षेत्रफळ मिळून ७७ चौरस इंच, एका दहा इंचीचं जवळजवळ ७९. म्हणजे साठ रुपये जास्त देऊन तेवढंच, उलट कडांचा भाग जास्त. वेगवेगळ्या चवी हव्या असतील तर तो अर्धा-अर्धा करून देतो, मेनूवर लिहिलेलं नाही, मागावं लागतं.

बिलाबाबत सुरुवातीला एक गोष्ट खटकली. हाताने लिहिलेल्या बिलावर पाच टक्के जीएसटी लावलेला असायचा, पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही. ज्याचा क्रमांक नाही त्याने कर घ्यायचा नसतो, आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असलेल्यालाही गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही. आमच्या यजमानांनी ते शांतपणे सांगितलं, तेव्हा त्याने कर वगळून पैसे घेतले. पण न विचारणाऱ्यांकडून तो पुढेही काही दिवस घेत होता, हे मी शेजारच्या टेबलावर पाहिलंय. ते मला आवडलं नाही. मार्चपासून छापील बिल येतं, क्रमांकासह, अडीच-अडीच टक्के असं फोड करून. सर्व्हिस चार्ज लावत नाही.

जैन मंडळींसाठी: बहुतेक ठिकाणी जैन पिझ्झा म्हणजे वरचा कांदा काढून टाकतात आणि सॉसमधला लसूण तसाच असतो. इथे सॉस खरोखर वेगळा शिजवतात, डब्यावर लिहिलेलं आहे. कटर आणि ओव्हन मात्र एकच. ज्यांना ते चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं, तो खरं सांगतो.

घरपोच मागवायचं असेल तर अंतर बघा. माझी बहीण गोविंदनगरला राहते, म्हणजे हायवेच्या पलीकडे. नकाशावर जवळ, पण संध्याकाळी इंदिरानगर बोगद्यात जो अडकला तो अडकला. पिझ्झा तिच्याकडे पोचेपर्यंत खोक्यातल्या वाफेने बेस ओला चामडा झालेला असतो. यात दुकानाचा दोष अर्धाच. खोक्याला वाफ जायला भोकं आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. बहिणीने आता उपाय काढलाय: लोखंडी तवा तापवायचा, आच मंद करायची, तुकडे दोन-तीन मिनिटं त्यावर ठेवायचे आणि शेवटी क्षणभर झाकण. बूड पुन्हा कुरकुरीत होतं. मायक्रोवेव्हमध्ये घातलात तर रबर चघळावं लागेल. अ‍ॅपवरून मागवण्यापेक्षा थेट फोन केला तर किंमत थोडी कमी पडते, कमिशन वाचतं म्हणून.

बसून खायचं तर मे महिन्यात नको. एसी नाही, ओव्हनची धग थेट पहिल्या दोन टेबलांवर येते आणि पंखा तीच गरम हवा फिरवतो. भिंतीकडचं कोपऱ्यातलं टेबल धरावं. शनिवार-रविवारी आठनंतर वाढदिवसांचे घोळके असतात, गाणी मोठ्याने, आणि अर्ध्या तासाच्या वर थांबावं लागतं. वाढणारी मुलं नवी आहेत, गडबडतात, एकदा ऑर्डर दिली की पाणी दुसऱ्यांदा मागावं लागतं. पण उद्धट कोणी नाही. सासूबाई गेल्या की "आजी, तुमच्यासाठी कडा जरा मऊ करू का?" असं विचारतात. आजी नको म्हणतात.

पावसाळ्यात एक नवीच भानगड आहे. ओव्हन विजेवरचा, इन्व्हर्टरवर तो चालत नाही. वीज गेली की दगड थोडा वेळ तापलेला राहतो, त्यात एखाद-दुसरा पिझ्झा निघतो, पण तो फिकाच निघतो आणि तरीही तो देतात. असा फिका आला तर परत करा, बदलून मिळतो, आम्हाला मिळालाय. आणि जोराचा पाऊस असेल तर घरून निघण्याआधी फोन करून ओव्हन चालू आहे का ते विचारा. मंगळवारी दुकान बंद असतं.