संतांची मध्यस्थी आणि थेट प्रार्थना

वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय किंवा इवलेसे घर विकत घेऊन मारियामातेपुढे ठेवणारे भाविक पाहिले, की हा सरळसरळ नवसच आहे असे वाटते. कॅथलिक शिकवण मात्र याहून नेमकी आहे. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने संतांना आळवणे चांगले व उपयुक्त ठरवले, पण देणारा देवच आणि संत आपल्यासाठी त्याच्याकडे शब्द टाकणारा, ही मर्यादाही राखली. म्हणूनच मारियेकडे ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच मागितले जाते. जत्रेच्या गर्दीत हा फरक कितींच्या लक्षात राहतो, हा प्रश्न वेगळा.

प्रॉटेस्टंट भाविक थेट देवाशी बोलतो. देव आणि मनुष्य यांच्यामध्ये ख्रिस्त हा एकच मध्यस्थ, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वचन त्याला पुरेसे वाटते. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबाने, म्हणजे ल्यूथरच्या अनुयायांनी मांडलेल्या श्रद्धेच्या निवेदनानेही, संतांचे स्मरण आणि अनुकरण मान्य केले, याचना नाही.

यावर कॅथलिक उत्तर असे, की शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ म्हणता येते, तर १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनाही म्हणता यावे. हा युक्तिवाद मला वजनदार वाटतो. मात्र मृत संतांना आपली हाक ऐकू येते, हे आधी मान्य असावे लागते, आणि खरा मतभेद तिथेच आहे.