नऊ महिने, एक नॅस आणि घरात शिरलेला ‘नोबडी’

साडेसहा हजारांचं दुखणं काल चाळीस रुपयांत बरं झालं, म्हणून लिहायला बसलो. दिवाळीत घेतलेला दोन डिस्कचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर सगळ्यांच्या फायली ठेवणारा डबा. डिस्क, रॅम वगैरे इथे सगळ्यांना पाठ आहे, त्यात शिरत नाही.

घरात दोन लॅपटॉप, दोन्हींवर उबुंटू लिनक्स. बायको कर सल्लागार. लोकांची पॅनकार्डं नि बँकेचे उतारे वायफायवरून उघडे फिरू नयेत, एवढीच तिची अट. साध्या एनएफएसमध्ये (लॅपटॉपवरून नॅसच्या फायली वापरायची लिनक्सची पद्धत) ते उघडेच फिरतात. शिवाय लॅपटॉप सांगेल तो युजर क्रमांक नॅस खरा मानतो. गेटवर ‘बी ७०४’ म्हटलं की वॉचमन सोडतो, तसंच. उबुंटूवर पहिला युजर १०००, त्यामुळे आमचा दोघांचा क्रमांक एकच आणि माझ्या लॅपटॉपवर तिच्या फायली माझ्या नावावर! मग कर्बेरॉस बसवलं, म्हणजे तिकिटं देऊन युजरची ओळख पटवणारी व्यवस्था. तिकिटं देणारा सर्व्हर (केडीसी) त्याच डब्यावर, आणि माउंटला, म्हणजे नॅस लॅपटॉपला जोडताना, केआरबी५पी हा पर्याय. (नुसतं केआरबी५ ओळख तपासतं, ‘आय’वालं मजकुरात फेरफार झालाय का तेही बघतं, एन्क्रिप्शन फक्त ‘पी’मध्ये.)

आणि घरात नोबडी आला. प्रत्येक फायलीचा मालक नोबडी, म्हणजे मालक ओळखता आला नाही की लिनक्स लावतं ते नाव. “कोण हा, आणि माझ्या क्लायंटचे कागद याच्याकडे कशाला?” बायकोचा प्रश्न रास्त होता. चाऊन करावं (मालक बदलायची आज्ञा) तर ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’. तीन महिने मी भेटेल त्याला सांगत होतो, हा डबा घेऊ नका.

ते मत मागे घेतो. एकदा एसएसएचने (दुरून लॉगिन करून) थेट डब्यात शिरलो, तर तिथे मालकी चोख! म्हणजे लिहितोय बरोबर, दाखवताना घोळ. एनएफएस ४ मध्ये क्रमांकाऐवजी ‘नाव@डोमेन’ असं जातं, आणि दोन्हीकडचं डोमेन जुळलं नाही की लॅपटॉप हात वर करून नोबडी लिहितो. डब्यावर मी ‘घर.लॅन’ दिलं होतं. लॅपटॉपवर काहीच नाही, म्हणून आपसूक ‘लोकलडोमेन’. कर्बेरॉसआधी हे कळलं नाही, कारण कर्बेरॉस नसेल तर हल्लीचं लिनक्स नावांच्या भानगडीत न पडता सरळ क्रमांक पाठवतं. आयडीमॅपडी.कॉन्फमध्ये (नावं जुळवणाऱ्या आयडीमॅपडीची सेटिंगची फाइल) डोमेनची एक ओळ, सगळीकडे सारखी. एवढंच. तरी नोबडी जाईना, कारण जुनी उत्तरं कर्नल (लिनक्सचा गाभा) दहा मिनिटं धरून बसतं. ती पुसणारं ‘एनएफएसआयडीमॅप -सी’ मारलं आणि गेला. त्या रात्री मी उगाचच वीसेक वेळा ‘एलएस -एल’ (मालकासकट फायलींची यादी) मारून स्वतःचं नाव वाचत बसलो.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी तीन तास वीज नव्हती. नंतर माउंटच होईना, ‘परमिशन डिनाइड’. मी सवयीने आयडीमॅपडीच उपसत बसलो. मग सर्व्हिस सेंटर. कोथरूडहून पिंपरीच्या पलीकडे, दोन खेपा. पहिल्या खेपेला “इथे तर चालतंय सर.” दुसऱ्या खेपेला “फॅक्टरी रिसेट मारा.” प्रिन्सिपल, कीटॅब (कर्बेरॉसमधली नावं नि त्यांच्या किल्ल्यांची फाइल) सगळं पुसलं जाईल म्हटल्यावर, “मग बोर्ड बदलावा लागेल, साडेसहा हजार. वीज गेल्यामुळे झालंय, वॉरंटीत बसत नाही.” वीज गेल्यावर आणि वीज गेल्यामुळे यातला फरक मी त्या मुलाला पंधरा मिनिटं समजावला. उपयोग शून्य.

घरी येऊन लॅपटॉपवर केइनिट (तिकीट मागायची आज्ञा) मारलं: ‘क्लॉक स्क्यू टू ग्रेट’. डब्यावरची तारीख पाहिली, १ जानेवारी २०१८! कर्बेरॉसला घड्याळातला पाच मिनिटांहून जास्त फरक चालत नाही, इथे तर वर्षांचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मेलेला. डबा गोदामात किती वर्षं पडून होता कोण जाणे. डब्याने बाहेर कुणाशी बोलू नये म्हणून राउटरवर त्याचं इंटरनेट मीच तोडलेलं, त्यामुळे वेळ विचारणार कुणाला? सेंटरच्या नेटवर त्याला वेळ मिळत होती, घरी आणेपर्यंत पुन्हा विसरत होता. पुण्यातल्या तपकीर गल्लीत सेल ४० रुपये, पार्किंग २०. शिवाय आता वेळ राउटरकडून घेतो.

वेगाचं म्हणाल तर केबलवर साधं एनएफएस सेकंदाला ११० एमबी, ‘पी’ लावलं की जेमतेम ४५. कागदांना पुरतं. रात्रीचा बॅकअप तिकीट संपल्यामुळे अधूनमधून अर्धवट राहतो. कीटॅबवरून नवं तिकीट घेणारी ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारी सोय) टाकलीय, बघू.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण मेलेल्या सेलसाठी कापला, एक सर्व्हिस सेंटरसाठी. साठ रुपयांची पावती त्यांना पाठवलीय, अजून उत्तर नाही.