बंबाचं धुराडं: कौलांतून वर की भिंतीतून बाहेर?

खानापूरकडे आमच्या घरी अजून सकाळी बंबच पेटतो. न्हाणीघर नवं बांधताना वाद झाला तो धुराच्या नळीवरून. गवंडी म्हणाला, भिंतीला भोक पाडू, तासाभराचं काम. खरंच, कौलांना हात लावायला नको, गळती नको. पण नळीला कोपर आला की धुराची ओढ मंदावते, आडव्या भागात काजळी साचते. त्यातून आमची ती भिंत पश्चिमेची. आषाढात वारा थेट तोंडावर, आणि धूर उलटा आत. (आई म्हणते, तिला सवय आहे. डोळे मात्र चोळत असते.)

सरळ वर नेलेली नळी छान ओढते. उंची जास्त, तितकी ओढ जास्त. आढ्याच्याही वर दोनेक फूट काढली, टोपी बसवली. कौलाच्या जागी पत्रा घालून नळीभोवती पत्र्याचीच कॉलर केली, तरी पहिल्याच पावसात चार थेंब बंबावर पडले. रीप-वासे नळीला टेकू देऊ नका. वाळलेलं लाकूड आहे ते.

बेळगावात स्लॅबचं घर आणि नळीवाला गॅस गिझर असेल तर भिंतच बरी. फक्त नळीचं तोंड खिडकीजवळ नको. जळत्या गॅसमधून येणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.