दोल्माबाह्चे महाल, इस्तंबूल: दोन खोल्यांसाठी तरी जा

मी मराठवाड्यातली, इतिहासाची निवृत्त शिक्षिका. खिलाफत चळवळ वर्षानुवर्षं शिकवली. धड्याच्या शेवटी ‘१९२४ मध्ये तुर्कस्ताननेच खिलाफत रद्द केली’ एवढं सांगायचं आणि पुस्तक मिटायचं. तेव्हाचा खलिफा जिथे राहत होता तो महाल यंदा पाहिला.

साडेचार टनांचं झुंबर सगळेच बघतात. माझा पाय अडला तो अब्दुलमजीदच्या वाचनालयात. हा शेवटचा खलिफा. ३ मार्चला अंकाराच्या संसदेनं ठराव केला आणि त्याच रात्री त्याला कुटुंबासकट इथून देशाबाहेर काढलं. त्याची मुलगी दुर्रुशेहवार १९३१ मध्ये निझामाची सून झाली. आमची आजी तिच्या साड्यांबद्दल ऐकलेलं रंगवून सांगायची. आणि याच महालात, जनानखान्यात, तुर्की प्रजासत्ताकाचा संस्थापक अतातुर्क याची खोली आहे: पलंगावर लाल झेंडा पसरलेला, घड्याळ ९ वाजून ५ मिनिटांवर, तो इथेच गेला त्या वेळेवर, थांबवलेलं.

आमची गाईड उघड्या डोक्याची, चाळिशीची बाई. मी विचारलं, “तुमच्याकडे धर्म आणि सरकार वेगळे ना?” ती म्हणाली, “वेगळे कुठले, ताब्यात!” खिलाफत गेली त्याच दिवशी ‘दियानेत’ हे सरकारी धर्मखातं निघालं. इमाम सरकारी पगारावर, जुम्म्याचा खुतबाही, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचनही, तिथूनच येतो. ‘लाइकलिक’ म्हणजे धर्मनिरपेक्षता, ती १९३७ मध्ये घटनेत आली.

मग तिनं मोबाईलवर थोरल्या बहिणीचा फोटो दाखवला. १९९७ नंतर विद्यापीठांत हिजाबबंदी कडक झाली तेव्हा ही मुलगी हिजाबवर केसांचा टोप चढवून वर्गात बसायची. कपाळाशी टोपाखालून कापडाची निळी कड दिसत होती. मी स्वतः डोकं झाकत नाही, त्यावरून घरच्यांशी भांडलेय. तरी तो फोटो बघून मला रडू आलं. शिकायला आलेल्या पोरीवर ही वेळ का यावी? आता बंदी उठली आहे, बहीण सरकारी शाळेत हिजाब घालूनच शिकवते.

महालाला पाचपैकी पाच, गाईडलाही. टूर कंपनीला दोनच. हेडफोन सारखे खरखरत होते आणि जनानखान्याला जेमतेम वीस मिनिटं दिली. आत फोटो काढू देत नाहीत, सोमवारी बंद असतं. शक्यतो स्वतःच जा. ट्रामनं काबाताशला उतरलं की पायी थोडंसंच अंतर आहे. मी दुसऱ्या दिवशी एकटीच परत गेले आणि त्या दोन खोल्यांपाशीच बराच वेळ काढला.