डिस्नेलँडची जुनी तिकिटं की जत्रेतले जुने फोटो: कोल्हापुरात बसून काय गोळा करावं?

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं परवा विचारलं, दादा, पगारातनं महिन्याला दोनेक हजार बाजूला पडतात, मला जुन्या थीम पार्कच्या वस्तू गोळा करायच्यात, डिस्नेलँडची तिकिटं, नकाशे वगैरे, पण तुम्ही तर सारखं म्हणता जुने फोटो गोळा कर, मग नक्की काय करू? रंकाळ्यावर भेळ खाता खाता जमेल तेवढं सांगितलं, पण घरी आल्यावर वाटलं हे नीट लिहूनच काढावं, कारण मी दोन्ही केलंय, पार्कच्या वस्तू गेली आठ-नऊ वर्षं आणि फोटो त्याच्याही आधीपासनं, आणि दोन्हीकडं पैसे घालवून शिकलोय.

माझं मत आधीच सांगतो. कोल्हापुरात राहून सुरुवात करणार असशील तर फोटोपासनं कर, पार्कच्या वस्तू दुसऱ्या नंबरला. कारण पार्कचं तिकीट किंवा नकाशा आपली माहिती स्वतःच्या अंगावर छापून घेऊन येतोय, आणि फोटो मुका येतोय, त्याची माहिती कुणाच्यातरी डोक्यात असती आणि ते डोकं बहुतेक वेळा ऐंशीच्या पुढचं असतंय.

आता पार्कची बाजू, कारण ती खरंच मजेची आहे आणि मी ती कमी लेखणार नाही.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात अनाहाइमला सुरू झालं, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी कूपनांची छोटी वही काढली, राइडला एकेक कूपन फाडून द्यायचं, ए, बी आणि सी अशी. १९५६ मध्ये डी आलं आणि १९५९ मध्ये ई. ए म्हणजे साधी गोष्ट, मेन स्ट्रीटवरच्या गाडीत बसून फिरणं असलं काहीतरी, आणि ई म्हणजे सगळ्यात भारी राइड, मॅटरहॉर्न, पाणबुडी, नंतर पायरेट्स आणि हाँटेड मॅन्शन. ही पद्धत १९८२ मध्ये बंद झाली तोपर्यंत ई तिकीट हा शब्द अमेरिकेत एवढा रुळला होता की अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड (हे तिचं आडनाव) १९८३ मध्ये अंतराळात गेली तेव्हा तिनं पण तो प्रवास ई तिकीट असल्याचं सांगितलं. आता गोळा करणाऱ्यासाठी यातली खरी गंमत बघ, माणसं ई कूपनं पहिल्यांदा संपवायची आणि ए, बी तशीच उरायची, घरी नेऊन ड्रॉवरमध्ये पडायची, म्हणून आज ए आणि बी कोरी भरपूर मिळतात, स्वस्त मिळतात, आणि न फाडलेलं ई असलेली वही मात्र महाग. म्हणजे कूपन बघूनच कळतंय की त्या दिवशी त्या घरातल्या पोरांनी काय केलं असेल. मला हे लय आवडतंय.

नकाशांचं पण तसंच. डिस्नेचा चित्रकार सॅम मॅकिम यानं काढलेला मोठा रंगीत नकाशा १९५८ पासनं विकायला होता आणि पार्कमध्ये भर पडेल तसा बदलत गेला, त्यामुळं नकाशावर कुठली राइड आहे आणि कुठली नाही यावरनं साल बांधता येतंय. घडीवर फाटलेला मिळाला तर स्वस्त पडतोय, सुरुवातीला तसलाच घ्यावा.

पिनांच्या, म्हणजे कपड्याला लावायच्या डिस्नेच्या छोट्या धातूच्या बिल्ल्यांच्या, मात्र नादाला लागू नकोस. पिनांची अदलाबदल १९९९ च्या शेवटी फ्लोरिडात सुरू झाली आणि त्यानंतर बाजारात नकली माल इतका आला की पन्नास पिनांचा गठ्ठा स्वस्तात दिसला की समजायचं त्यात काय असणार. मी घेतलाय तसला गठ्ठा. कडा खरबरीत, रंग खड्ड्यात नीट न भरलेला, पाठीमागची जाळीसारखी नक्षी कडेपर्यंत न पोचलेली, आणि हे सगळं मला पार्सल उघडल्यावर दिसलं. विकणाऱ्यानं परत घेतला नाही आणि शिपिंगचे पैसे मालापेक्षा जास्त गेले होते ते वेगळंच.

हे शिपिंगचं नीट ध्यानात ठेव. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटची भारतातली शाखा, ईबे इंडिया, २०१८ लाच बंद झाली, आता घ्यायचं तर बाहेरनं, म्हणजे वस्तूची किंमत, वर पोस्टेज, वर कस्टम, आणि डॉलरचा भाव. पाच डॉलरचं कूपन दारात येईपर्यंत पाच डॉलरचं राहत नाही. म्हणून एकाच विकणाऱ्याकडनं चार-पाच वस्तू एका पाकिटात मागवायच्या, आणि भाव बघताना मागितलेला भाव बघायचाच नाही, साइटवर विकून झालेल्या वस्तूंचा फिल्टर लावायचा, तो खरा बाजारभाव.

फोटोंचं गणित उलटं. पैसे जवळजवळ लागत नाहीत पण पाय आणि तोंड वापरावं लागतंय. रद्दीवाला, भंगारवाला, बंद पडलेला स्टुडिओ, जुनं घर पाडताना निघालेली ट्रंक, आणि बाहेर जाणार असशील तर पुण्याचा जुना बाजार आणि मुंबईचा चोर बाजार. पण सगळ्यात मोठा साठा नातेवाइकांच्या घरी असतोय आणि तो विकत घ्यायचा नसतोय, स्कॅन करून परत द्यायचा असतोय. मूळ फोटो त्यांचाच राहू दे, तुझा संग्रह म्हणजे स्कॅन आणि त्याच्यासोबत लिहून घेतलेली माहिती. हे काही जणांना कमीपणाचं वाटतंय, मला नाही वाटत.

आमच्या भागात थीम पार्क नव्हतं पण जत्रा होती, आणि जत्रेत फोटोवाला असायचा. मागं रंगवलेला पडदा, कधी चंद्रकोर, कधी पत्र्याचं विमान, कधी ताजमहाल, पुढं माणसं ताठ बसलेली. माझ्याकडं एक फोटो आहे जोतिबाच्या चैत्र यात्रेतला. विमानाच्या खिडकीतनं तीन माणसं बघतायत, फेटे बांधलेले, एकाचा हात खिडकीबाहेर, आणि विमानाच्या पंखाखाली रंगवलेल्या ढगाच्या खाली खऱ्या माणसाच्या चपला दिसतात, काढून ठेवलेल्या, तीन जोड. फोटो काळा-पांढरा पण खालच्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात गुलाबी डाग आहे, गुलालाचं बोट. फोटो हातात पडला तेव्हा घेणाऱ्याचे हात गुलालानं भरलेले होते एवढं त्यातनं कळतंय. मागं पेन्सिलनं फक्त एक आकडा, बहुतेक फोटोवाल्याचा पावती नंबर. तीन माणसं कोण, गाव कुठलं, काही नाही. भंगारवाल्याकडं आला तोपर्यंत ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. डिस्नेलँडच्या बी कूपनाबद्दल मला या तीन माणसांपेक्षा जास्त माहिती आहे आणि ते मला आजही टोचतंय.

खरं-खोटं ओळखायचं काम दोन्हीकडं सारख्याच दोन साधनांनी होतंय आणि दोन्ही मिळून एका चांगल्या जेवणाच्या बिलात बसतात. एक म्हणजे सोनार वापरतात तसलं दहा पटीचं भिंग, आणि दुसरी नोटा तपासायची यूव्ही टॉर्च. भिंगातनं बघितल्यावर खऱ्या फोटोत करड्या छटा सलग दिसतात, छापलेल्या नकलेत ठिपक्यांची जाळी दिसती, आणि इंकजेटच्या नकलेत शाई शिंपडल्यासारखी. तिकीट आणि नकाशा मुळातच छापील असल्यामुळं तिथं जाळी असू शकती, तिथं बघायचं ते बारीक अक्षरांच्या कडा, स्कॅन करून परत छापलेल्यात अक्षरं पण ठिपक्यांची झालेली असतात. टॉर्चचा उपयोग असा की कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं फोटोपेपरमध्ये साधारण १९५० च्या दशकाच्या मध्यापासनं यायला लागली, तेव्हा कुणी १९३० चा फोटो म्हणून दाखवला आणि अंधारात टॉर्च मारल्यावर तो निळसर पेटला तर पाकीट खिशातच ठेवायचं.

साल बांधायच्या दोन-तीन खुणा अजून. चौकोनी, सव्वादोन इंचाच्या आसपासचा फोटो असला तर तो बहुतेक १२० नंबरच्या फिल्मच्या रोलवरचा, आपल्याकडं घरोघरी असलेल्या आग्फा क्लिक थ्री सारख्या कॅमेऱ्याचा, एका रोलमध्ये बारा फोटो. कडा कंगोरेदार असल्या तर साधारण साठच्या दशकापर्यंतचा.

पार्कच्या वस्तू आणि फोटो या दोन्हींच्या मधली एक वस्तू आहे, ती मला सगळ्यात जास्त आवडती, ती म्हणजे पार्कमध्ये सामान्य माणसांनी काढलेल्या कोडाक्रोमच्या, म्हणजे कोडॅक कंपनीच्या रंगीत फिल्मच्या, स्लाइडी, उजेडापुढं धरून बघायचे पारदर्शक फोटो. माझ्याकडं पुठ्ठ्याच्या चौकटीतली एक आहे, चौकटीवर धुतल्याचा महिना आणि साल ठोकलेलं, ट्यूबलाइटपुढं धरली की एका बाईचा लाल स्कार्फ आणि मागं मॅटरहॉर्नचा पांढरा डोंगर, रंग काल धुतल्यासारखे. कोडाक्रोम अंधारात ठेवली तर रंग धरून ठेवती, त्या काळातल्या बाकीच्या बऱ्याच फिल्म लालसर होऊन गेल्या. व्ह्यू-मास्टरच्या, म्हणजे डोळ्याला लावून चित्रं बघायच्या खेळण्याच्या, गोल रीलमध्ये पण हेच दिसतंय, जुन्या रील झकास आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडच्या कितीतरी नुसत्या गुलाबी, म्हणून रील घेताना सातही जोड्या उजेडात बघून घ्यायच्या. स्लाइडीत पार्क पण आहे आणि माणूस पण आहे, आणि चौकटीवर तारीख आहे, अर्थात ती धुतल्याची, फोटो काढल्याची नाही. रोल सहा महिने कॅमेऱ्यात पडून राहिलेला असू शकतोय.

आणि आपल्या देशातल्या पार्कचं कुणी फारसं गोळाच करत नाही. दिल्लीचं अप्पू घर १९८४ ला सुरू झालं आणि २००८ ला बंद झालं, गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ चं, कोलकात्याचं निक्को पार्क १९९१ चं. इथनं शाळेच्या ट्रिपा एस्सेलवर्ल्डला जायच्या, त्या ट्रिपांचे फोटो, हातावरचे पट्टे, तिकिटं कुठल्यातरी गोदरेजच्या कपाटात असणारच. पार्कचाच हट्ट असेल तर अनाहाइमच्या आधी हे कर. त्यातली थर्मल कागदाची, म्हणजे एटीएमच्या पावतीसारख्या कागदाची, तिकिटं आधी स्कॅन कर, ती आपोआप कोरी होतात.

आता कोल्हापूरचा पाऊस. इथं दोन्ही संग्रहांचा शत्रू एकच आहे पण मार वेगळा बसतोय. ऑगस्ट २०१९ च्या पुरात माझ्या आत्याच्या चिखलीच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. पाणी उतरल्यावर लग्नाचा अल्बम चिखलातनं काढला तेव्हा तो ओलाच होता, म्हणजे वाचवता आला असता, पण कुणीतरी घाईनं पानं ओढून वेगळी केली आणि फोटोवरचा थर समोरच्या पानाला चिकटून गेला. आतोबांचा चेहरा गेला, टोपी राहिली. त्या वेळी मला माहीत नव्हतं ते आता सांगतो, ओले चिकटलेले फोटो ओढायचे नाहीत आणि तसेच वाळू पण द्यायचे नाहीत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपोआप सुटू द्यायचे, चोळायचं नाही, मग चित्र वर करून सुती कापडावर सावलीत वाळवायचे. फोटो जास्त असतील आणि हात कमी, तर मधी बटर पेपर घालून पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाकायचे आणि पूर सरल्यावर थोडे थोडे काढायचे. इंकजेटवर छापलेले मात्र पाण्यात घालायचे नाहीत, शाई जाती.

छापील तिकीट, नकाशा भिजला तर जातो पण तसलाच दुसरा जगात कुठंतरी असतोय. फोटोचा दुसरा नसतोय. म्हणून फोटो आधी स्कॅन, साध्या फोटोला सहाशे डीपीआय पुरे, स्लाइडीला चोवीसशेच्या पुढं, आणि एक कॉपी दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडं. ठेवताना चिकटणाऱ्या पानांचे अल्बम आणि वासाचं पीव्हीसी प्लास्टिक नको, पॉलिप्रॉपिलीनचे कव्हर चालतात. माळ्यावर नको, तळातल्या खणात नको, डांबराच्या गोळ्या तर नकोच. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहायच्या.

एक गोष्ट पार्कच्या बाजूनं कबूल करतो. तिकिटाला कुणाच्या घरची अब्रू चिकटलेली नसती. रद्दीतनं कुणाचातरी लग्नाचा अल्बम आला तर तो तुझा झाला म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचा असं नाही, फोटोचा कागद विकत घेतला म्हणजे फोटोचा कॉपीराइट विकत घेतला असं पण होत नाही. मी अनोळखी घरातल्या बायका-पोरांचे फोटो टाकत नाही, जत्रेतले टाकतो तेव्हा पण खाली लिहितो की ओळख पटली तर सांगा, फोटो परत देईन. एकदा पटली पण, गडहिंग्लजच्या एका घरानं ओळखलं आणि मी तो फोटो नेऊन दिला.

तेव्हा ज्याला एकट्यानं रात्री टेबलावर बसून नंबर लावत, यादी पुरी करत मन रमवायचंय, लोकांच्या घरी जायचा कंटाळा आहे आणि डॉलरमध्ये खर्च झेपतोय, त्यानं खुशाल पार्क धरावं. ए-बी कूपनं, एक फाटका नकाशा आणि चार स्लाइडी, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतंय. पण आमच्या गल्लीतल्या पोराला मी सांगितलं, पहिल्या महिन्याचे दोन हजार असे घाल, भिंग, टॉर्च, कव्हरं, आणि उरलेल्यातनं आजीला आवडतो तो पेढा. मग आजोबांची पेटी खाली काढ, दुपारी काढ, उजेडात, आजीचा चष्मा आधी शोधून ठेव, मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू कर आणि एकेक फोटो तिच्या हातात दे. नावं, गाव, कुणाची कोण, आणि नेसलेलं लुगडं कुणाचं होतं ते पण विचार. ती एकाच फोटोवर अर्धा तास बोलली तर बोलू दे.