फुकटचं बिलिंग सॉफ्टवेअर बंद पडतंय, आणि माझं भांडण एक्स्पोर्टच्या बटणाशी आहे

सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचं कृषी सेवा केंद्र. ज्या फुकट ऑनलाइन सॉफ्टवेअरवर दुकानाचा सगळा हिशेब होता, ती स्टार्टअप कंपनी गाशा गुंडाळतेय. महिनाभराच्या मुदतीची नोटीस आली जानेवारीत. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षवाल्यांची औषधं-खतं उधारीवर गेलेली, वसुली माल तुटल्यावर. म्हणजे येणेबाकी सगळ्यात फुगलेली असते नेमकी तेव्हा.

बिलिंग, स्टॉक, जीएसटी रिपोर्ट यांना नाव ठेवणार नाही. उधारीची आठवण मराठीत मेसेजने जायची आणि तासगाव, कवठेमहांकाळकडचे शेतकरी फोन न करताच पैसे टाकायचे. हे सुख आधीच्या विकतच्या सॉफ्टवेअरने कधी दिलं नव्हतं.

नोटीस वाचली तेव्हा वाटलं, फसवलं. आता तसं वाटत नाही. सर्व्हरचं भाडं, मेसेजचे पैसे, फोनवर बसलेल्या पोरांचे पगार, आणि गिऱ्हाइकाकडून येणं शून्य. असा धंदा किती दिवस चालतो हे यार्डात कुणालाही कळतं. बंद करा, पण जाताना आमची खतावणी तरी नीट हातात द्या!

एक्स्पोर्ट, म्हणजे हिशेब बाहेर उतरवून घ्यायची सोय, आहे; पण एका वेळी एकाच खात्याचा, तोही पीडीएफमध्ये. एक्सेलमध्ये चिकटवला की तारीख, बिल नंबर, नावे, जमा सगळं एका रकान्यात. नावांतली जोडाक्षरं फुटतात, पार्टी कुठली तेच ओळखू येत नाही. तक्रार केली की ठरलेलं उत्तर, "सर, डेटा उपलब्ध आहे, डाउनलोड करून घ्या." गूगलने २०१३ मध्ये रीडर, म्हणजे आवडत्या वेबसाइटवरचं नवीन लिखाण एका जागी वाचायचं साधन, बंद केलं, तेव्हा मार्चमध्ये सांगून १ जुलैला बंद केलं. आपली वेबसाइटची सगळी यादी एका फाइलमध्ये उतरवून दुसरीकडे चढवता येत होती. तेही फुकटच होतं की!

नवीन सॉफ्टवेअर विकत घेतलंय. विकायला आलेल्या मुलाला काउंटरवर बसवून सगळ्या खात्यांची एक्सेल फाइल काढून दाखवायला लावली, मगच चेक दिला.

तुमचाही हिशेब त्या बंद पडणाऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर आधी बिलं उतरवा. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे कागद वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात, आणि ती जबाबदारी आपली, सॉफ्टवेअरवाल्याची नाही. येणेबाकी हाताने वहीत घेता येते. आम्ही तेच करतोय, मोठ्या खात्यांपासून.