भंगार यार्डसाठी गायगर काउंटर घ्यावा का सिंटिलेशनवाला?

भंगारातला किरणोत्सर्ग (रेडिएशन) ओळखायला या दोनपैकी कोणतं मीटर घ्यावं, जालन्यात स्टीलच्या भट्ट्यांना माल देणारे बरेच जण सध्या हेच विचारायलेत, म्हणून माझा अनुभव लिहितो. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातलं प्रकरण सगळ्यांना माहीतच आहे. २०१० ला दिल्ली विद्यापीठातलं जुनं मशीन लिलावात भंगारात गेलं, आतलं किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० कुणी ओळखलं नाही आणि एक कामगार जिवानिशी गेला. डोळ्याला काही दिसत नाही, त्यामुळं मीटर हवाच, प्रश्न फक्त कोणता.

गायगर मी आधी वापरला. स्वस्त, दणकट, मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पण नीट चालतो. मायकाच्या (अभ्रकाच्या) पातळ खिडकीचा चपटा प्रोब घेतला तर हातमोज्यावरची, बुटावरची बीटा किरण सोडणारी धूळ पण पकडतो, हे किरण डबीच्या आत शिरत नाहीत म्हणून सिंटिलेशनच्या बंद डबीला ते जमत नाही. डोसचा, म्हणजे अंगावर किती किरणोत्सर्ग पडला त्याचा अंदाज पण सरळ येतो, म्हणजे नेहमीच्या पातळीच्या वर ताशी ०.५ मायक्रोसिव्हर्ट (डोसचं एकक, हजार मायक्रो म्हणजे १ मिलि) आणि माणूस वर्षात २००० तास तिथं, की झाला १ मिलिसिव्हर्ट, सर्वसामान्यांसाठीची वर्षाची मर्यादा तेवढीच आहे.

पण त्याच्यासोबत थांबावं लई लागतं, आणि माझं तिथंच बिनसलं. छोट्या ट्यूबला साध्या जागेत मिनिटाला २०-२५ टिक येतात, आकडा ०.०७ वरून ०.१८ वर जातो, परत खाली येतो, खरं काय ते कळायला एकेका जागी मिनिटभर प्रोब धरून उभं राहायचं. इकडं ट्रक काट्यावर, मागं दोन गाड्या हॉर्न मारायल्यात, ड्रायव्हर म्हणतो भाऊ उरका लवकर, मग आपला पोरगा झाडू मारल्यागत प्रोब फिरवून पुढं जातो. सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी तुकडा, शिशाच्या डब्यात, वर लोखंडाचा ढीग, बाहेर येतं ते थोडंसंच, ते या घाईत निसटणारच.

सिंटिलेशनमध्ये किरण पडले की चमकणारं क्रिस्टल असतं, ते आरपार जाणारे गॅमा किरण कितीतरी जास्त पकडतं, चालता चालता आवाज वाढला की लगेच कानाला कळतं. हां, सोडियम आयोडाइडवालं पडलं की तडकतं, ओल चालत नाही, उन्हानं रीडिंग सरकतं. पोटॅश खताचा ट्रक, भट्टीच्या काही विटा, थायरॉइडसाठी आयोडीनची ट्रीटमेंट घेतलेला माणूस, यांच्यातही थोडा किरणोत्सर्ग असतो, त्यांनाही ते ओरडतं. मला ते चालतं, कारण ओरडलं तर निदान माणूस थांबून बघतो. आपल्याकडं काळा पाषाण, बॅकग्राउंड (जमिनीतून नेहमी येणारा किरणोत्सर्ग) कमी, वाढ चटकन दिसते. देगलूरकडं ग्रॅनाइट आहे, बॅकग्राउंड जास्त, तिथं आधी मोकळ्या जागेचं रीडिंग लिहून ठेवा.

ज्याचं काम सांडलेली धूळ शोधायचं आहे त्याला गायगरच बरा पडेल. गेटवर येणारा माल बघायचा असेल तर मी तरी सिंटिलेशनच घेईन, आणि आकडा वाढला की कटर बंद, माणसं लांब, मग एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) फोन.